मित्र म्हणतात, कंट्रोलर पोरांचा

"ताई, वय ३१. बारा वर्षं कन्सोलवर खेळलो, बहुतेक नेमबाजीचेच गेम. आमचं टोळकं एकेक करत कॉम्प्युटरकडे वळलं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीही चांगल्यापैकी कॉम्प्युटर जुळवून घेतला. पण कीबोर्ड-माउसवर हात काही बसत नाही. रोज हरतो, वर मनगट दुखतं. परवा गुपचूप कंट्रोलर जोडला तर एकदम रंगात आलो. मित्रांना कळलं आणि 'हा एम असिस्टवर, म्हणजे नेम धरताना गेमच करतो त्या मदतीवर जगतो', 'कंट्रोलर पोरांचा' सुरू झालं. बायकोची तक्रार वेगळीच. आधी आम्ही दोघं सोफ्यावर बसून गोष्टींचे गेम खेळायचो, आता मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसतो. कन्सोलकडे परत जाऊ की चिकाटी धरू? जुना कन्सोल विकायला काढलाय, रविवारी एक जण बघायला येतोय. — हात न बसलेला"

हात न बसलेल्या मित्रा,

आधी मनगट. दुखत असताना सराव वाढवायचा नाही. दोन-चार दिवस माउसला सुट्टी दे. मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर मला पत्र लिहिण्यापेक्षा डॉक्टरांना दाखव. नुसतंच अवघडल्यासारखं दुखत असेल तर पुढचं वाच. माझा अंदाज असा की तुझं हरणं आणि तुझं दुखणं एकाच जागेवरून येतंय.

तू माउसला स्टिकसारखं, म्हणजे कंट्रोलरवरच्या अंगठ्याने हलवायच्या दांडीसारखं वागवतोयस. बारा वर्षं तुझा अंगठा जेमतेम सेंटिमीटरभर हलत आलाय आणि तेवढ्यात सगळं जग फिरत आलंय. आता हातात माउस आल्यावरही तुला तेच हवंय. कन्सोलवरून येणारी बहुतेक मंडळी हेच करतात. माउसचा वेग इतका वाढवून ठेवतात की मनगट नुसतं मुरडलं तरी पाठीमागे वळता यावं. मग समोरच्या माणसावर नेम धरताना केसभर हलवायचं असतं तेव्हा हात वीतभर उडतो. उडालेला हात आवरायला मनगट आवळून धरायचं, आणि असं तासन् तास. ते दुखणार नाही तर काय करेल?

दोन्हींमधला फरक नीट समजून घे, मग तुझा तुलाच मार्ग दिसेल. माउस म्हणजे बोट दाखवणं. हात जेवढा सरकला तेवढीच नजर सरकली, हात थांबला की नजर थांबली. स्टिकचं तसं नाही. स्टिक म्हणजे नळ. किती कलवली यावर नजर किती वेगाने फिरायची ते ठरतं. स्टिक जागच्या जागी धरून ठेवली तरी नजर फिरतच राहते आणि हवं ते समोर आलं की नळ बंद करावा लागतो. भांडं काठोकाठ भरायचंय आणि एक थेंब सांडायचा नाही, असं ते काम आहे. तू बारा वर्षं हे केलंस, सेकंदाच्या अंशात नळ बंद करायला शिकलास. ही काही लहान विद्या नव्हे. फक्त माउसवर ती कामाला येत नाही, उलट मध्ये येते, कारण माउसला नळच नाही.

तेव्हा आधी वेग उतरव. गेममध्ये उभा राहा, माउस एका दिशेला सरकवत पूर्ण गोल फिर आणि हात किती सरकला ते मोज. दहा-बारा सेंटिमीटरमध्ये गिरकी पूर्ण होत असेल तर रोग सापडला. मी तुला ३० ते ४० सेंटिमीटरवर सुरुवात करायला सांगेन. पहिल्या दिवशी वाटेल की चिखलात चालतोय. वाटू दे. मोठा माउसपॅड लागेल, कारण आता मोठी हालचाल मनगटाने नाही, कोपरापासून पुऱ्या हाताने करायची आहे. मनगट फक्त शेवटच्या बारकाव्यापुरतं. कोपराला टेबलाचा आधार हवा आणि खांदा उचललेला नको. विंडोजमध्ये हात जोरात हलवला की पॉइंटर आपसूक जास्त पळवायची एक सोय असते, ती बंद कर. बरेच गेम तिच्याकडे बघतही नाहीत, पण जे बघतात त्यांत हाताला अंतराचं वळण पडत नाही. आणि मग पंधरा दिवस आकड्यांना हात लावू नकोस. हरला की वेग बदल, पुन्हा हरला की पुन्हा बदल, हे करणाऱ्याचा हात कधीच बसत नाही. माझाही बसला नव्हता. रोज नवा आकडा टाकायचा आणि नव्या उमेदीने हरायचं, असं मी कितीतरी दिवस केलंय.

डाव्या हाताचं गाऱ्हाणं तू केलं नाहीस, पण ते असणार. तिथे उलटा न्याय आहे. चालण्याच्या बाबतीत कीबोर्ड स्टिकपेक्षा अडाणी आहे. बटण दाबलेलं असतं किंवा नसतं, अधलंमधलं काही नाही. चार बटणांतून आठ दिशा निघतात, बस. स्टिकने तू कुठल्याही कोनात, हव्या त्या वेगाने, दबकत किंवा धावत जाऊ शकतोस. कीबोर्डवर दबकायला वेगळं बटण शोधावं लागतं. चुंबकाच्या जोरावर 'किती दाबलं' हे ओळखणारे कीबोर्ड आता मिळतात, पण त्यांनी वेगळीच भांडणं आणली. उलट दिशेची दोन बटणं दाबल्यावर शेवटचं तेवढं धरायचं काम कीबोर्ड स्वतःच करायला लागला, तेव्हा २०२४ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर ती सोय बंद केली. म्हणजे 'कीबोर्डवाला सगळं स्वतःच्या हाताने करतो' हे तुझ्या मित्रांनीही जरा जपूनच म्हणावं.

आता त्या मित्रांकडे वळू. 'खरा खेळाडू कीबोर्डवर खेळतो' म्हणणाऱ्याला विचार, चालायला तुझी बोटं डब्ल्यू-ए-एस-डी या चार बटणांवर आली कुठून? १९९६ मध्ये क्वेक हा नेमबाजीचा गेम आला तेव्हा तो बाणांच्या बटणांवर चालायचा. डेनिस फाँग, म्हणजे 'थ्रेश', या खेळाडूने १९९७ मध्ये क्वेकची एक गाजलेली स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून क्वेकच्या निर्मात्यांपैकी जॉन कारमॅकची फेरारी घरी नेली. तो डब्ल्यू-ए-एस-डीवर खेळायचा. जिंकणाऱ्याचं बघून बाकीच्यांनी आपली बटणं बदलली. ही मांडणी रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

कंट्रोलरचीही तीच कथा. डाव्या स्टिकने चालायचं, उजवीने बघायचं, हे तुला श्वास घेण्याइतकं सहज वाटतं. पण २००० साली प्लेस्टेशनच्या एलियन रिसरेक्शन या गेमने हीच मांडणी दिली तेव्हा एका नावाजलेल्या परीक्षणात तिच्यावरच सडकून टीका झाली होती. पुढच्याच वर्षी एक्सबॉक्सवर हेलो हा गेम आला आणि लाखो अंगठ्यांच्या ते अंगवळणी पडलं. दोन्ही सवयी जेमतेम पाव शतकाच्या. त्यांतली एक सोवळी आणि दुसरी पोराटोरांची कशी?

आणि 'पोरांचा' म्हणायचं तर रॉकेट लीगकडे, गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या गेमकडे बघा म्हणावं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्या खेळात व्यावसायिक पातळीवर बहुतेक सगळे कंट्रोलर धरून बसतात, कारण उडत्या गाडीला हव्या त्या कोनात कलवायला आठ दिशा पुरत नाहीत. मारामारीच्या गेममध्ये तर सगळंच उलटं. तो कन्सोलवाल्यांचा गड, पण तिथले कितीतरी कसलेले खेळाडू स्टिक टाकून देऊन नुसत्या बटणांची पेटी मांडीवर घेतात, जी खरं तर कीबोर्डचीच चुलत बहीण. ज्याचं पोट खेळावर आहे तो गेम बघून हत्यार निवडतो. फुशारक्या मारायला त्याच्याकडे वेळ नसतो.

एम असिस्टबद्दल मात्र मी तुझ्या मित्रांना पूर्ण खोटं ठरवणार नाही, आणि तूही ठरवू नकोस. स्टिकने नेम धरणं मुळातच अवघड, म्हणून गेम आतून मदत करतो. कुणाच्या जवळ नेम गेला की तुझी नजर जरा मंदावते, काही गेममध्ये समोरचा बाजूला सरकला की त्याच्यामागे थोडी आपोआप वळते. माणसाच्या डोळ्याला दिसून हात हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ही मदत त्याची वाट बघत नाही. अगदी जवळच्या झटापटीत माउसवाल्याला जे खुपतं ते हेच, आणि त्यात तथ्य आहे. लांबच्या नेमात मात्र माउसवाला तुला सहज भारी पडतो, ते तो सांगत नाही. हे त्रांगडं कंपन्यांनाही धड सुटलेलं नाही. फोर्टनाइटमध्ये कन्सोलला कीबोर्ड-माउस जोडणाऱ्याला कॉम्प्युटरवाल्यांत टाकतात. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा तिथल्या खेळाडूंना कॉम्प्युटरवाल्यांपासून वेगळंच ठेवलं.

माझं मत विचारशील तर, गेमने उघडपणे दिलेली मदत घेणं ही लबाडी नाही. माउस जोडून, मध्ये एखादं यंत्र घालून, गेमला 'हा कंट्रोलर आहे' असं भासवायचं आणि नेमही माउसने धरायचा, मदतही घ्यायची, ती लबाडी. तू तसलं काही केलेलं नाहीस. गुपचूप जोडलास एवढंच चुकलं. पुढच्या वेळी सांगून जोड. चिडवणारे दोन दिवस चिडवतील, नंतर जिंकलास तर आपल्या बाजूला ओढतील.

एक मधली वाट आहे, ती बारा वर्षांत तुला कुणी दाखवली नसावी. काही कंट्रोलरमध्ये जायरो असतो, म्हणजे कंट्रोलर हातात किती आणि कुठे कलला ते ओळखणारा सेन्सर. प्लेस्टेशनच्या आणि निन्टेन्डोच्या कंट्रोलरमध्ये तो आहे, एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही. स्टिकने ढोबळ वळायचं आणि शेवटचा बारीक नेम कंट्रोलर किंचित कलवून साधायचा. इथे नळ नाही. हात जेवढा कलला तेवढी नजर हलली, माउससारखीच. निन्टेन्डोने २०१५ च्या स्प्लाटूनमध्ये हे दिलं आणि तो खेळणारे कितीतरी जण आता नुसत्या स्टिककडे परत जायला तयार नसतात. कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये बहुतेक गेमसाठी हे चालू करता येतं. तुझा जुना कंट्रोलर कोणत्या कन्सोलचा ते तू लिहिलं नाहीस. जायरोवाला असेल तर आठवडाभर करून बघ. पहिले दोन दिवस आपण ट्रे घेऊन चाललोय असं वाटतं.

तर हात कसा बसवायचा ते झालं. पण हात बसवायचाच का, याचं उत्तर तू काय खेळतोस त्यावर आहे. टोळक्याबरोबर नेमबाजीच खेळायची असेल तर माउसला दोन-तीन महिने दे, खालच्या वेगावरून नव्याने मोजून. झालेले तीन महिने धरू नकोस. सैन्य हाकायचे, शहरं वसवायचे गेम माउसशिवाय खेळू नकोस. तसले गेम कंट्रोलरवरही येतात आणि काहींनी ते काम हुशारीने केलंय, पण शंभर शिपायांमधून नेमके सात निवडायला पॉइंटरच लागतो. गाड्या, फुटबॉल, उड्या मारण्याचे आणि तलवारबाजीचे गेम निमूट कंट्रोलरवर खेळ. मी एकदा हट्टाने एक तलवारबाजीचा गेम कीबोर्डवर घेतला. पडद्यावर सूचना कंट्रोलरच्या बटणांच्या, माझ्या हातात शंभरेक कळा. पहिल्याच राक्षसाने मला इतक्या वेळा मारलं की मोजणं सोडलं. चौथ्या रात्री कंट्रोलर जोडला. राक्षसाने तरीही मारलं, पण निदान का मेले ते कळत होतं.

यंत्राबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तू कॉम्प्युटर घेऊन बसलायस आणि तो चांगला घेतलास. कॉम्प्युटरला दोन्ही चालतं. कीबोर्ड-माउस, कुठल्याही कन्सोलचा कंट्रोलर, स्टिअरिंग, काहीही जोड. कन्सोलला कीबोर्ड-माउस जोडता येतो, पण ज्या गेमच्या निर्मात्यांनी परवानगी दिली त्यांच्यातच तो चालतो. जुने गेम, लोकांनी गेममध्ये स्वतः केलेले बदल म्हणजे मॉड, ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही, हे सगळं कॉम्प्युटरच्या बाजूचं. कन्सोलच्या बाजूने एकच गोष्ट, पण ती वजनदार: तो सगळ्यांचा सारखा असतो. २०२० मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ तुझ्याकडे असो की माझ्याकडे, आतले भाग जवळपास तेच, म्हणून निर्मात्याला त्यावर गेम घासून-पुसून देता येतो. कॉम्प्युटर प्रत्येकाचा निराळा. तीन महिन्यांत तुला अनुभव आलाच असेल: गेम पहिल्यांदा उघडला की ग्राफिक्स कार्डासाठी शेडर, म्हणजे चित्र रंगवायच्या छोट्या सूचना, तयार होताना मध्येच अडखळतो, ड्रायव्हर जुना निघतो, फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसायची परवानगी मागतो. दिवसभर दमून आलेल्या माणसाला अर्धा तास खेळायचं असतं, त्यातली वीस मिनिटं सेटिंगमध्ये गेली तर तो वैतागणारच. हे ज्याला आवडतं त्याला आवडतं. मला आवडतं. तुझ्या बायकोला आवडेल का, हे तू तिलाच विचार.

तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण माझ्या मते पत्रातली खरी अडचण तिथे आहे. माउसला टेबल लागतं, टेबलाला खुर्ची, आणि त्या खुर्चीवर एकच माणूस बसतो. कंट्रोलरला मांडी पुरते, म्हणून दोन माणसं एकाच सोफ्यावर, एकाच पडद्याकडे बघत बसू शकतात. तुम्ही दोघं गोष्टींचे गेम खेळायचात म्हणजे बहुधा एक जण खेळायचा आणि दुसरा 'तिकडे जा', 'ते दार उघड', 'अरे तो मागे आहे' करायचा. तो दुसरा माणूस खेळतच असतो. त्याच्या हातात काही नसतं, एवढंच.

यावर उपाय यंत्र बदलण्याचा नाही. कॉम्प्युटर अधूनमधून टीव्हीला जोड. एचडीएमआयची लांब केबल टाकता आली तर उत्तम. नाही तर घरातल्या नेटवर्कवरून कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर पाठवता येतं, स्टीममध्ये ती सोय आहेच. गोष्टींच्या गेममध्ये थोडा उशीर जाणवत नाही. नेमबाजी मात्र तशी खेळू नकोस. आणि टीव्हीत गेम मोड असेल तर तो आधी चालू कर. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. चित्र सजवायच्या नादात टीव्ही त्याच्या कितीतरी पट उशीर लावतो आणि आपण बिचाऱ्या कंट्रोलरला बोल लावतो. सोनीचे बरेच मोठे गेम कन्सोलनंतर काही काळाने कॉम्प्युटरवरही आलेत, मायक्रोसॉफ्टचे तर सहसा त्याच दिवशी येतात. निन्टेन्डोचे येत नाहीत. तुमच्या दोघांच्या आवडीचे त्यांचे असतील तर प्रश्नच मिटला, कन्सोल ठेव.

कंट्रोलरबद्दल एक सांगायचं राहिलं. बारा वर्षं वापरलेला असेल तर स्टिक न हलवता गेममधला माणूस आपोआप एका बाजूला सरकतो का ते बघ. स्टिकच्या आतला भाग घासून घासून झिजतो, मग तिला मधोमध कुठे ते कळेनासं होतं. माझ्या एका कंट्रोलरची डावी स्टिक अशी भरकटायला लागली आणि मी महिनाभर स्वतःच्या अंगठ्यावर संशय घेत बसले होते. सेटिंगमध्ये मधला 'मृत' भाग थोडा वाढवला की काही दिवस निभतं. नवा घेशील तर हॉल इफेक्टच्या स्टिकवाला बघ. त्यात चुंबक असतो, घासणारं काही नाही, त्यामुळे ही झीज होत नाही.

आता रविवार. कन्सोलवरचे सेव्ह कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत बहुतेक वेळा नेता येत नाहीत, आणि काही कन्सोलवर ते क्लाउडमध्ये ठेवायलाही वर्गणी लागते. डिस्कवर घेतलेले गेम तर कॉम्प्युटरवर चालणारच नाहीत. तुमची दोघांची एखादी गोष्ट तिथे अर्ध्यात अडकलेली असणार, आणि माझा कयास आहे की ती कुठल्या दाराशी थांबलीये हे तुझ्यापेक्षा तिला नीट आठवत असेल. कन्सोल विकायला काढलास हे तू लिहिलंस. तिला विचारलंस, असं पत्रात कुठेच नाही. त्या माणसाला फोन करून सांग, या रविवारी नको.

— तुझी ताई